निर्देशकांमागची गृहीतके : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाचा प्रश्न आधी एका ओळीत मांडून ठेवतो. प्रतलावरच्या बिंदूला (क्ष, य) अशी जोडी देताना आपण नेमके काय काय मान्य करून बसतो, आणि त्यातले किती खरे ठरते?

शाळेत ही जोडी इतकी सहज हाती येते की तिच्यामागे काही मान्य केलेले आहे हे जाणवतच नाही. दोन रेषा काटकोनात काढल्या, एकक ठरवले, अंतरे मोजली, की झाले. पण रेषेवरच्या प्रत्येक बिंदूला संख्या असते आणि प्रत्येक संख्येला बिंदू असतो, हे कशावरून? क्ष आणि य ठरवले की तिथे बिंदू सापडणारच का? अंतर पायथागोरसच्याच सूत्राने का निघते? दोनच संख्या का लागतात, एक का पुरत नाही? आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा: रेषेचे समीकरण लिहिताना आपण संख्यांचा गुणाकार करतो. त्या गुणाकाराचे भूमितीत काय काम?

कामाची रीत अशी ठरवली आहे. पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम: बिंदू, दोन बिंदूंतून रेषा, दोन रेषांचा छेद, दिलेल्या बिंदूतून समांतर. यात संख्या कोणत्या जातीच्या हे ठरवलेले नाही, ते बाहेरून द्यायचे. मग एकेक गृहीतक काढून घ्यायचे आणि काय कोसळते ते बघायचे. काहीच कोसळले नाही, तर ते गृहीतक नव्हते, नुसती सवय होती.

९ जानेवारी

पहिली सवय लगेच सापडली: अक्ष काटकोनातच हवेत ही. अक्षांमध्ये थ कोन ठेवला तरी रेषेचे समीकरण एकघातीच राहते, समांतर रेषा चढावरून ओळखता येतात, रेषाखंडाचे गुणोत्तरात विभाजन त्याच सूत्राने होते. बदलते ते फक्त अंतर: अंतराचा वर्ग = क्ष² + य² + २क्षय × (थ चा कोसाइन). साठ अंशांच्या अक्षांवर (१, १) हा बिंदू आरंभबिंदूपासून √२ नव्हे, √३ अंतरावर असतो. खुद्द देकार्त यांच्या १६३७ च्या लेखनात काटकोनातल्या ठरावीक दोन अक्षांची जोडी नाही. आकृतीला सोयीच्या रेषा ते घेतात, त्या तिरप्याही असतात.

यातून एक फाळणी मात्र मिळाली. भूमितीचा एक भाग अंतर आणि कोन यांच्यावाचून चालतो (रेषा, छेद, समांतर). दुसऱ्या भागाला ते लागतात. प्रोग्रामचेही तसे दोन तुकडे केले.

१४ जानेवारी

आज प्रोग्रामला फक्त परिमेय संख्या दिल्या. म्हणजे प्रतलावर तेवढेच बिंदू आहेत ज्यांचे दोन्ही निर्देशक अपूर्णांकात लिहिता येतात. हे बिंदू इतके दाट आहेत की कितीही बारीक वर्तुळ काढले तरी आत असंख्य सापडतात. कागदावर बघणाऱ्याला कुठे भोक आहे असे वाटणारही नाही.

युक्लिडचे अगदी पहिले प्रमेय घेतले: दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढा. रेषाखंड (०, ०) ते (१, ०). दोन टोकांवर कंपास ठेवून दोन वर्तुळे काढायची, ती जिथे छेदतात तो तिसरा शिरोबिंदू. पण छेद येतो (½, √३/२) वर, आणि √३ अपूर्णांकात मावत नाही. या प्रतलात ती दोन वर्तुळे एकमेकांच्या आरपार जातात आणि त्यांचा एकही सामाईक बिंदू नसतो.

मग वाटले, रेषाखंड बदलून बघू. तिरपा घेऊ, मोठा घेऊ. कुठेतरी जमेल. कुठेच जमत नाही, आणि त्याची सिद्धता चार ओळींची आहे. एक शिरोबिंदू आरंभबिंदूवर आणा, उरलेले दोन (क्ष₁, य₁) आणि (क्ष₂, य₂). त्रिकोणाचे क्षेत्रफळ क्ष₁य₂ − क्ष₂य₁ च्या निम्मे (चिन्ह सोडून), म्हणजे परिमेय. बाजूचा वर्ग क्ष₁² + य₁², तोही परिमेय. पण समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग गुणिले √३/४, ते अपरिमेय. एकच क्षेत्रफळ परिमेय आणि अपरिमेय दोन्ही असू शकत नाही. म्हणून परिमेय प्रतलात एकही समभुज त्रिकोण नाही.

यातला एक तपशील मला फार आवडला. तिसरा निर्देशक मिळाला की त्रिकोण सापडतो: (१, ०, ०), (०, १, ०), (०, ०, १). तिन्ही बाजू √२, सगळे निर्देशक पूर्णांक. सपाटीवर नसलेला आकार अवकाशात आहे.

१५ जानेवारी

कालच्यावरून दोन गोष्टी.

एक. वर्तुळे छेदतातच हे युक्लिडच्या गृहीतकांत कुठेही लिहिलेले नाही. ती उणीव भरून काढायची तर रेषा सलग असल्याचे वेगळे मान्य करावे लागते. डेडेकिंड यांनी १८७२ मध्ये 'छेदां'च्या (सगळ्या परिमेय संख्यांची लहान आणि मोठ्या अशा दोन गटांत वाटणी) कल्पनेतून वास्तव संख्या उभ्या केल्या, तेव्हा त्यांनी स्पष्ट म्हटले की रेषेचे हे सलगपण सिद्ध करता येत नाही, ते आपण रेषेला बहाल करतो. पण कंपास-पट्टीच्या भूमितीला सगळ्या वास्तव संख्या लागतही नाहीत. परिमेय संख्या घ्या आणि धन संख्यांची वर्गमुळे हवी तेवढ्या वेळा काढायची मुभा द्या, एवढ्यावर सगळ्या रचना पार पडतात. त्या संख्या यादीत मांडता येतात. वास्तव संख्या मांडता येत नाहीत. म्हणजे 'प्रत्येक वास्तव संख्येला बिंदू' हे गृहीतक युक्लिडच्या गरजेपेक्षा पुष्कळच मोठे आहे.

दोन. संगणकातल्या दशांश संख्या (फ्लोट) प्रत्यक्षात दोनच्या घातांनी भागलेले पूर्णांक असतात, म्हणजे परिमेयच. तेव्हा कालची सिद्धता त्यांना जशीच्या तशी लागू पडते: फ्लोट वापरून साठवलेला प्रतलावरचा कोणताही त्रिकोण काटेकोरपणे समभुज नसतो. भूमितीचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी 'तीन बिंदू एकरेषीय आहेत का' हा प्रश्न फ्लोटना थेट का विचारू नये, त्याचे मूळही इथेच आहे. ०.१ + ०.२ हे जिथे ०.३ च्या बरोबर येत नाही, तिथे एकरेषीयतेचे उत्तर संगणक संख्या कशा पूर्णांकित करतो (राउंडिंग) याच्या मर्जीवर राहते.

२२ जानेवारी

प्रतलाला दोन संख्या का? कँटर यांनी १८७७ मध्ये दाखवले की बिंदूंना नुसती नावेच द्यायची असतील तर एक पुरते. चौरसातला बिंदू (०.१२३…, ०.४५६…) घ्या आणि अंक आळीपाळीने विणा: ०.१४२५३६…. एका संख्येतून दोन्ही निर्देशक परत मिळतात. (०.४९९९… आणि ०.५ एकच असल्याने विणीत थोडी दुरुस्ती लागते, ती करता येते.) त्यांनी डेडेकिंडना कळवले ते साधारण असे, की हे मला दिसते आहे पण विश्वास बसत नाही.

डेडेकिंडनी उत्तरात नेमके मर्मावर बोट ठेवले: ही जुळणी सलग नाही. जवळचे बिंदू या नावांत जवळ राहत नाहीत. क्ष ०.४९९ वरून ०.५०० वर सरकला की विणलेली संख्या दणकन उडी मारते. उलट, पेआनो यांनी १८९० मध्ये चौरस पूर्ण भरणारा सलग वक्र दिला, पण त्यात काही बिंदूंना एकापेक्षा जास्त नावे मिळतात. सलगपणा आणि एकास-एक या दोन्ही अटी एकदम घातल्या तर मात्र एक संख्या पुरत नाही. कोणत्याही मितींसाठी हे ब्रॉवर यांनी १९११ मध्ये सिद्ध केले.

या प्रकल्पाची दिशा मला इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसली. बिंदूला नाव देणे ही एक गोष्ट, त्या नावांवर केलेला हिशेब भूमितीशी जुळणे ही दुसरी. नावे स्वस्तात मिळतात. हिशेब जुळण्यासाठी दर वेळी भूमितीकडून काहीतरी मागून घ्यावे लागते. पुढे तपासताना प्रत्येक गृहीतकाला हाच प्रश्न विचारायचा: ते नावापुरते आहे की हिशेबाचे?

३० जानेवारी

प्रोग्रामला पाचने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या दिल्या: ०, १, २, ३, ४, आणि हिशेब बाकीत. प्रतलात अवघे २५ बिंदू. रेषांचा भाग निर्धोक चालतो: दोन बिंदूंतून एक रेषा, बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर, चढ, समीकरणे, सगळे शाबूत. प्रत्येक रेषेवर पाच बिंदू.

अंतराचा भाग मात्र हातातून जातो. (०, ०) ते (१, २) अंतराचा वर्ग १ + ४ = ५, म्हणजे ०. दोन वेगळे बिंदू आणि त्यांच्यात अंतर शून्य. त्याच दिशेची लंब-कसोटी लावली तर १×१ + २×२ पुन्हा शून्य: ती रेषा स्वतःलाच लंब आहे. 'अंतर शून्य म्हणजे बिंदू एकच' ही गोष्ट पायथागोरसच्या सूत्रातून आपोआप येत नाही. वर्गांची बेरीज शून्य झाली तर प्रत्येक वर्ग शून्य असलाच पाहिजे, हा संख्यांचा गुण तिथे गुपचूप वापरलेला असतो. तो गुण मिळतो क्रमामुळे, म्हणजे 'लहान-मोठे' असण्यामुळे. बाक्यांमध्ये लहान-मोठे असे काही नसते.

६ फेब्रुवारी

आजवर संख्या बदलल्या. आता संख्या वास्तवच ठेवून भूमिती बदलायची. समांतर रेषेचे गृहीतक (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर) काढून घेतले आणि लोबाचेव्स्की (१८२९) व बोल्याई (१८३२) यांच्या हायपरबोलिक प्रतलात शाळेच्या पद्धतीनेच निर्देशक मांडायला बसलो.

पद्धत तीच. काटकोनात दोन अक्ष. क्ष-अक्षावर आरंभबिंदूपासून १ अंतर मोजा आणि तिथे लंब उभा करा. य-अक्षावर १ अंतर मोजा आणि तिथेही लंब काढा. दोन लंब जिथे भेटतील तो बिंदू (१, १).

ते भेटतच नाहीत.

हिशेब क्लाइन यांच्या प्रतिमानात सोपा होतो. सगळे प्रतल एकक वर्तुळाच्या आत मावते, रेषा म्हणजे जीवा, आणि केंद्रापासून ड अंतरावरचा बिंदू चित्रात 'ड चा हायपरबोलिक टॅन' (ड कितीही वाढला तरी १ च्या आत राहणारे एक फलन) एवढ्या अंतरावर दिसतो. व्यासावरचे लंब चित्रातही लंबच दिसतात. १ चा हायपरबोलिक टॅन सुमारे ०.७६१६. म्हणजे दोन लंब चित्रातल्या (०.७६१६, ०.७६१६) या जागी छेदायला हवेत. पण ०.७६१६² + ०.७६१६² = १.१६, एकपेक्षा जास्त. ती जागा वर्तुळाबाहेर, म्हणजे जगाबाहेर आहे. (वक्रता −१ होईल असे लांबीचे एकक धरले आहे.)

दोन्ही अंतरे समान ठेवली तर मर्यादा सुमारे ०.८८१४ वर येते. त्याच्या आत बिंदू सापडतो, पण आयत मिळत नाही. तीन कोन काटकोन, चौथा लघुकोन. त्याच्या कोसाइनचे सूत्र नीटस आहे: दोन अंतरांच्या हायपरबोलिक साइनांचा गुणाकार. (०.८, ०.८) ला चौथा कोन सुमारे ३८°. (०.५, ०.५) ला सुमारे ७४°. (०.१, ०.१) ला ८९.४°. आकृती लहान होत जाते तसतसा तो काटकोनाकडे सरकतो, आणि पुरेशा लहान तुकड्यात राहणाऱ्याला आपले निर्देशक निर्दोष वाटत राहतील.

यावर बराच वेळ घालवला, कारण शाळेतल्या व्याख्येत दडलेले गृहीतक इतके उघडे दुसरीकडे दिसले नाही. 'कोणतीही क्ष, कोणतीही य, तिथे एक बिंदू' हे वाक्य व्याख्येसारखे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते आयत अस्तित्वात असल्याचे विधान आहे, आणि आयत अस्तित्वात असणे म्हणजे समांतर रेषेचे गृहीतक. पायथागोरसचे प्रमेयही त्याच गृहीतकाशी सममूल्य आहे. अंतराचे सूत्र आणि (क्ष, य) ची जागा, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली आहेत.

११ फेब्रुवारी

गोल पृष्ठभाग. अंतरांवरून सपाट निर्देशक देता येतात का, याची सर्वांत छोटी कसोटी शोधत होतो. चार बिंदूंची पुरली.

पृथ्वी पूर्ण गोल धरू. विषुववृत्त ते ध्रुव अंतर सुमारे १०,००० किमी (मीटरची मूळ व्याख्याच या अंतराच्या एक कोटीव्या भागाची होती). उत्तर ध्रुव उ, आणि विषुववृत्तावर ०°, ९०°, १८०° रेखांशांवर अ, ब, क. पृष्ठभागावरून अंतरे: उ पासून अ, ब, क तिन्ही १०,०००, अ-ब १०,०००, ब-क १०,०००, अ-क २०,०००.

आता हे चार बिंदू सपाट कागदावर ठेवायचे. अ आणि क २०,००० अंतरावर. उ दोघांपासून १०,००० वर, म्हणजे तो अक चा मध्यबिंदूच. ब सुद्धा दोघांपासून १०,००० वर, म्हणजे तोही मध्यबिंदू. मग उ आणि ब एकाच जागी आले, पण त्यांच्यातले अंतर तर १०,००० हवे. संपले. तिसरी मिती द्या, दहावी द्या, सपाट अवकाशात मध्यबिंदू एकच असतो, म्हणून कितीही निर्देशक वाढवले तरी ही सहा अंतरे सूत्रात बसणार नाहीत.

गाउस यांनी १८२७ मध्ये यापेक्षा खूप खोल गोष्ट सांगितली: वक्रता पृष्ठभागाच्या आतूनच मोजता येते, आणि अंतरे जपून वाकवले तरी ती बदलत नाही. म्हणून लहानात लहान तुकड्याचाही अंतर जपणारा नकाशा होत नाही. रीमान यांनी १८५४ मध्ये यातून मार्ग काढला: निर्देशक म्हणजे फक्त नावे, अंतराचा नियम वेगळा द्यायचा आणि तो जागोजागी बदलू द्यायचा. २२ जानेवारीला जी फाळणी सुचली तिचा संपूर्ण सिद्धांत तिथे आहे.

१२ फेब्रुवारी

छोटी नोंद. ध्रुवावर रेखांश ठरत नाही, १८०° ओलांडताना तो उडी मारतो. पण ध्रुवावर उभे राहिल्यावर जागेत काहीच वावगे नसते. दोष नावांचा. गोल अख्खा झाकणारी, कुठेही न फाटणारी एकच निर्देशक पद्धत असूच शकत नाही, किमान दोन नकाशे लागतात.

दोष नावांचा की जागेचा, हे ओळखणे नेहमी सोपे नसते. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिलेल्या उत्तरात एका ठरावीक त्रिज्येवर (सूर्याएवढ्या वस्तुमानाला सुमारे ३ किमी) सूत्र अनंतात जाते. तिथे अवकाशच तुटते, अशी समजूत पुष्कळ काळ होती. लमेत्र यांनी १९३३ मध्ये दुसरे निर्देशक घेऊन दाखवले की तुटतात ते निर्देशक. केंद्रातला दोष मात्र कोणतेही निर्देशक घेतले तरी जात नाही. कसोटी हीच: नावे बदलून जो दोष जातो तो नावांचा.

२० फेब्रुवारी

आता गुणाकाराचा प्रश्न. अंतर, कोन सगळे बाजूला. हातात फक्त रेषा आणि समांतर.

आरंभबिंदूतून दोन रेषा. पहिलीवर १, २, ३ या खुणा. दुसरीवर १′, २′, ३′, अशा की ११′, २२′, ३३′ परस्परांना समांतर. दोन गुणिले तीन असे काढायचे: पहिलीवरचा १ आणि दुसरीवरचा २′ जोडा, पहिलीवरच्या ३ मधून त्याला समांतर काढा, ती दुसरीला जिथे छेदेल तो गुणाकार. तीन गुणिले दोन काढताना १ ला ३′ शी जोडायचे आणि समांतर २ मधून काढायची. दोन्ही समांतर रेषा एकाच बिंदूवर उतरतात, ६′ वर.

का उतरतात? 'कारण २×३ = ३×२' हे उत्तर इथे चालत नाही, कारण आपण गुणाकाराची व्याख्याच या आकृतीने करतो आहोत. २, ३ आणि १ पहिल्या रेषेवर. २′, ३′ आणि छेदबिंदू दुसऱ्या रेषेवर. मध्ये समांतरांच्या तीन जोड्या. हे शब्दशः पॅपसचे प्रमेय आहे, चौथ्या शतकातले. गुणाकाराची क्रमनिरपेक्षता म्हणजे पॅपस. दोन्ही एकच विधान, एक बीजगणितात लिहिलेले, एक आकृतीत.

हे हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये पद्धतशीर मांडले. त्यांच्या मांडणीत संख्या बाहेरून आणायच्या नसतात, रेषाखंडांवरच बेरीज-गुणाकार रचायचा असतो. मग कोणता नियम कोणत्या प्रमेयावर उभा आहे ते दिसते. साहचर्य आणि वितरणासकट उरलेले नियम देझार्गच्या प्रमेयावर उभे आहेत (दोन त्रिकोणांचे जोडीचे शिरोबिंदू जोडणाऱ्या रेषा समांतर किंवा एकाच बिंदूतून जाणाऱ्या असतील आणि बाजूंच्या दोन जोड्या समांतर असतील, तर तिसरी जोडीही समांतर). पॅपस मान्य केला की देझार्ग फुकट मिळतो (हेसनबर्ग, १९०५), उलटे मात्र नाही. ते प्रोग्रामवर बघितले: हॅमिल्टन यांच्या १८४३ च्या क्वाटर्नियन (चार घटकांच्या) संख्या दिल्या, तिथे आय गुणिले जे = के, पण जे गुणिले आय = −के. देझार्ग प्रत्येक चाचणीत टिकला. वरच्या रचनेतल्या दोन समांतर रेषा दोन वेगळ्या बिंदूंवर उतरल्या.

दोन गोष्टी अजून टिपून ठेवायच्या, कारण त्यांनी मला थक्क केले. प्रतल जर त्रिमितीय अवकाशात बसवता येत असेल तर देझार्ग आपोआप सिद्ध होतो. आणि देझार्गबरोबर रेषेवर क्रम व आर्किमिडीजचे गृहीतक (लहान लांबी पुरेशा वेळा जोडली की मोठीला मागे टाकते) मान्य केले, तर पॅपसही सिद्ध होतो. म्हणजे २×३ = ३×२ होण्यामागे 'मोजता मोजता कुठेही पोहोचता येते' ही गोष्ट उभी असू शकते.

२७ फेब्रुवारी

देझार्गच काढून घेतला तर? असे प्रतल आधी हिल्बर्ट यांनी रचले, मग १९०२ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने एक फार सोपे दिले. तेच घेतले.

बिंदू नेहमीचे, वास्तव संख्यांच्या सगळ्या जोड्या. उभ्या, आडव्या आणि धन चढाच्या रेषा नेहमीच्याच. फक्त ऋण चढाची रेषा य-अक्ष ओलांडून उजवीकडे गेली की तिचा चढ दुप्पट होतो. प्रकाश पाण्यात शिरताना वळावा तशी ती अक्षावर मोडते.

आधी मूलभूत गोष्टी तपासल्या. डावीकडे (−प, य₁), उजवीकडे (क्ष, य₂), आणि य₁ मोठा: डावीकडचा चढ म असेल तर य₁ − य₂ = −म(प + २क्ष), म एकच निघतो. दोन बिंदूंतून एकच रेषा, शाबूत. बाहेरच्या बिंदूतून एकच समांतर, तीही शाबूत.

आता साधा त्रिकोण: अ(−३, ०), ब(−३, १), क(−२, ०). प्रत्येक बिंदूत (४, २) मिळवून सरकवला: अ′(१, २), ब′(१, ३), क′(२, २). अब आणि अ′ब′ उभ्या, समांतर. अक आणि अ′क′ आडव्या, समांतर. अअ′, बब′, कक′ तिन्हींचा चढ ½, म्हणून त्याही समांतर. देझार्ग म्हणतो, मग बक आणि ब′क′ समांतर असायलाच हव्यात.

बक डावीकडे आहे, तिचा तिथला चढ −१, समीकरण य = −क्ष − २. ब′क′ उजवीकडे, तिथे चढ −१, समीकरण य = −क्ष + ४. पण ब′क′ अक्ष ओलांडून डावीकडे आली की चढ निम्मा होतो: य = −क्ष/२ + ४. दोन्ही डावीकडे मांडल्या: −क्ष − २ = −क्ष/२ + ४, म्हणून क्ष = −१२, य = १०. त्या (−१२, १०) वर छेदतात.

बिंदूंच्या जोड्या वास्तव, रेषा सलग, एक समांतर, सगळे जिथल्या तिथे; आणि सरकवलेला त्रिकोण स्वतःला समांतर राहत नाही. सदिशांची बेरीज, जिच्यावर सगळी भौतिकी हिशेब करते, ती इथे आकृतीला लागू पडत नाही. हे प्रतल कोणत्याही त्रिमितीय अवकाशात प्रतल म्हणून बसवता येत नाही, हेही २० तारखेच्या नोंदीवरून लगेच कळते.

५ मार्च

मोल्टनच्या प्रतलाला भूमितीशी जुळणारा त्याचा स्वतःचा हिशेब आहे का? मार्शल हॉल यांनी १९४३ मध्ये दाखवले की कोणत्याही प्रतलाला निर्देशक देता येतात, मात्र त्यांचे बीजगणित त्या प्रतलाला परवडेल तेवढेच मिळते. त्यांच्या पद्धतीने मोल्टन मांडले. आरंभबिंदू आणि (१, म) यांतून जाणाऱ्या रेषेला म हे नाव द्यायचे, आणि ती रेषा क्ष वर असताना य जेवढा तेवढा म∘क्ष हा गुणाकार.

उत्तर: म∘क्ष म्हणजे नेहमीचा गुणाकार, फक्त दोन्ही संख्या ऋण असतील तर त्याच्या निम्मे. (−१)∘(−१) = ½.

या नावांत बक चे समीकरण य = (−२)∘क्ष − २ आणि ब′क′ चे य = (−१)∘क्ष + ४. क्ष = −१२ घातल्यावर पहिल्यात १२ − २, दुसऱ्यात ६ + ४. दोन्हीकडे १०. हिशेब जुळला.

मग नियम एकेक तपासले. बेरीज नेहमीचीच. गुणाकार क्रमनिरपेक्ष आहे (पण देझार्ग नसल्याने एवढ्यावरून पॅपस मिळत नाही). साहचर्यही पाळतो: तीन ऋण संख्या कशाही जोडा, निम्मे एकदाच होते. उरले वितरण. (२ + (−१))∘(−१) = १∘(−१) = −१. वेगवेगळे केल्यावर २∘(−१) = −२ आणि (−१)∘(−१) = ½, बेरीज −१½. देझार्ग गेला तो नेमका इथून.

पुढचे काम: नऊ क्रमाची प्रक्षेपीय प्रतले (यांत कोणत्याही दोन रेषा छेदतातच, आणि प्रत्येक रेषेवर दहा बिंदू), प्रत्येकी ९१ बिंदूंची. अशी चारच आहेत, त्यांतल्या तिघांत देझार्ग चालत नाही. चारहींचे हॉल-निर्देशक काढून कोणत्यात कोणता नियम टिकतो याचा तक्ता करायचा आहे. प्रोग्रामचा रेषांचा तुकडा त्यासाठी थोडा बदलावा लागेल: बेरीज आणि गुणाकार तक्त्यांतून वाचायला लावायचे, आणि वितरण नसेल तिथे रेषांचा छेद सूत्राने न काढता बिंदू तपासून शोधायचा.